चांदीला सातबारा कोण देणार?

चांदीचा भाव 2025 साली किलोला एक लाख रुपयांचा टप्पा मागे टाकून वर चढत गेला, तेव्हा मोठ्या शहरांतील गुंतवणूकदारांच्या लाभाची चर्चा पुष्कळ झाली. कारखान्यांची वाढती मागणी, सोन्यापाठोपाठ चांदीकडे वळलेला पैसा ही कारणेही सांगून झाली. परंतु ज्या घरांत चांदी हीच पिढ्यान् पिढ्यांची शिल्लक आहे, त्या सातपुड्यातील घरांचा विचार फारसा कोणी केला नाही.

नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल व पावरा स्त्रियांच्या अंगावरील हासळी, वाळे, तोडे, कमरेच्या साखळ्या यांकडे पाहुणा हौसेने पाहतो; घरधनीण मात्र त्यांकडे संचित म्हणून पाहते. पीक साधले की चांदी घ्यावयाची आणि आजारपण, लग्न वा दुष्काळ आला की ती मोडावयाची किंवा गहाण टाकावयाची, हा तेथील अर्थव्यवहार आहे. त्यास अडाणीपणा म्हणणे हा आपलाच अडाणीपणा ठरेल.

आता भाव वाढला, तशी जोखीमही वाढली. कुडाच्या भिंतीला कुलूप ते कितीसे राखणार? ऊसतोडीसाठी कुटुंबे महिनोन् महिने गाव सोडून जातात. तेव्हा हे धन ठेवावयाचे कोठे, हा साधा प्रश्नही सुटलेला नाही. ओल, धूर व हवेतील गंधक यांनी चांदी काळवंडते. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ती बंद डब्यात ठेवली म्हणजे पुष्कळसे भागते. हा काळेपणा केवळ पृष्ठभागावरचा असतो. त्याच्या नावाखाली कोणी वजनात घट धरू लागला, तर ती लबाडी समजावी.

तथापि चोर आणि ओल यांहून मोठा धोका निराळाच आहे. तो म्हणजे नोंदीचा अभाव. दागिन्याचे वजन किती, शुद्धता किती, तो कोणाकडे केव्हा गहाण पडला, याचा कागद घरात नसतो. सावकाराचा शब्द हाच पुरावा ठरतो. आदिवासींच्या जमिनी अशाच तोंडी व्यवहारांत गेल्या. शहाद्याच्या परिसरात 1970 नंतरच्या दशकात त्याविरुद्ध मोठे लढे झाले आणि जमिनी परत करण्याचा 1974 चा कायदाही राज्यात झाला. जमिनीला निदान सातबारा होता. चांदीला तोही नाही.

या पार्श्वभूमीवर रिझर्व्ह बँकेने 6 जून 2025 रोजी काढलेले निर्देश महत्त्वाचे आहेत. सोन्याप्रमाणेच चांदीच्या दागिन्यांवरही कर्ज देण्याची निश्चित चौकट त्यांनी घालून दिली आणि अंमलबजावणीसाठी 1 एप्रिल 2026 ही अखेरची मुदत ठरविली. एका कर्जदाराचे दहा किलोपर्यंतचे दागिने तारण घेता येतात. अडीच लाखांपर्यंतच्या घरगुती कर्जाला मूल्याच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. पारख कर्जदारासमक्ष व्हावी, कागद त्याला समजेल अशा भाषेत असावेत, फेडीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत तारण परत मिळावे आणि बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असे हे नियम आहेत.

कागदावर हे सर्व उत्तम आहे. प्रश्न असा की, धडगावची वा मोलगीची स्त्री दागिने घेऊन शाखेत गेली, तर तिला पारखी भेटेल काय? तो न भेटल्यास ती पुन्हा सावकाराच्याच ओट्यावर जाईल. तसेच कर्ज थकले तर बँकही लिलाव करते, हेही तिला आधीच सांगितले पाहिजे. बँकेत धातूचेच मोल होते, घडणीचे नव्हे. आणि भावाच्या मोहाने जुना दागिना एकदा आटवला की तो नमुना परत येत नाही.

सावकारी नियमनाचा 2014 चा कायदा राज्यात आहे. अनुसूचित क्षेत्रात सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला असावा, असे 1996 चा पेसा कायदा सांगतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर येथील ग्रामसभांनी तो वापरावा. प्रत्येक गहाणाची पावती सक्तीची करावी.

आणि या कामात शिक्षितांचा वाटा मोठा आहे. आश्रमशाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीतील लिपिक, सुटीत गावी येणारा विद्यार्थी यांनी आपल्या गावातील माताभगिनींना दागिन्यांचे वजन करून ते लिहून ठेवण्यास, त्यांचे छायाचित्र काढण्यास आणि पावती वाचून घेण्यास मदत केली, तर त्यासाठी सरकारी अनुदान लागत नाही. पेटीचे कुलूप फोडता येते. घरात जपलेला कागद सहजासहजी खोटा पाडता येत नाही. सातपुड्यातील चांदीला आज त्याच कागदाची गरज आहे.