मजुराचा पंचनामा का नाही?

या वेळी भित्तिपत्रकाला गुरुजींनी 'अवकाळी पाऊस' हा विषय दिला आहे. वर्गात सगळ्यांनी शेतकऱ्याचे नुकसान लिहिले. माझे बाबाही शेतकरी आहेत. आमचेही नुकसान झाले. पण मी दुसरेच लिहिणार आहे. पालकांनी पण वाचावे.

आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. इकडे उन्हाळ कांदा असतो. पौषात लावतात आणि चैत्रात काढतात. काढला की वावरातच सुकू देतात, मग पात कापून चाळीत भरतात. चांगला सुकलेला कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. भिजलेला भरला तर तो सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो. त्याचा वास आला की आजी नाकाला पदर लावते.

पाडव्यानंतर आमच्याकडे कांदे काढायला सात बाया लावल्या होत्या. त्यात माझ्या वर्गातल्या मैत्रिणीची आई होती. मी त्यांना मावशी म्हणतो. मैत्रीण माझ्या पुढे बसते. तिला एकोणतीसचा पाढा येतो, मला येत नाही. त्या दिवशी सकाळची शाळा होती, म्हणून आम्ही दोघेही वावरात होतो. दुपारी दोन वाजता एकदम अंधारून आले. आधी वारा सुटला आणि मग गारा पडल्या, बोराएवढ्या. खोटे कशाला सांगू, मला मजाच वाटली. आम्ही पोरे गारा वेचून खाऊ लागलो. तेवढ्यात बाबा ओरडले, "अरे खातो काय, ताडपत्री धर!"

मी एक टोक धरले. दुसरे मावशींनी धरले. वाऱ्याने ताडपत्री पतंगासारखी वर उडत होती. मावशींच्या पाठीवर गारा ताडताड पडत होत्या, पण त्यांनी टोक सोडले नाही. मी सोडले. मी गोठ्यात पळालो. मग माझे टोक मैत्रिणीने धरले. तरी निम्मा कांदा भिजलाच.

संध्याकाळी बाबांनी बायांना अर्धा रोज दिला. काम दोनलाच बंद पडले म्हणून अर्धा. ताडपत्री धरली ते कामात धरले नाही. मला हे पटले नाही. मी आजीला सांगितले, तर ती म्हणाली, "तुझ्या बापाचं तरी काय चुकलं? त्याच्याजवळ कुठं हाये?" हे पण खरे आहे. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

नंतर आठ दिवस वावरात चिखल होता. बायांना कोणीच कामाला बोलावले नाही. मग तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले. त्यांनी वावर पाहिले, फोटो काढले, सातबारा पाहिला, बाबांचे नाव लिहून घेतले. गुरुजींनी सांगितले की शंभरातले तेहतीस किंवा जास्त नुकसान झाले तर भरपाई मिळते. मैत्रिणीने मला विचारले, "आमच्या घरी कधी येणार?" मी म्हणालो, "तुमचं वावर कुठंय?" ती काही बोलली नाही. मग दोन दिवस ती शाळेत आली नाही. गारांनी लोळवलेल्या गव्हात आईबरोबर सरवा वेचायला गेली होती. हजेरीत तिची गैरहजेरी लागली. मी तसे विचारायला नको होते.

मी पहिलीत होतो तेव्हा, २०२३ साली, कांद्याचे भाव फार पडले होते. तेव्हा सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. ज्याने कांदा विकला त्याला ते होते. ज्यांनी तो काढला, कापला, त्यांचे नाव कुठल्याच पावतीवर नसते.

आजी सांगते, १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. सरकारने काम काढले होते, खायला सुकडी पण मिळायची. तेव्हा आजीला कोणी सातबारा विचारला नाही. माझे म्हणणे असे की दुष्काळात मजुराला विचारले, तर गारपिटीत पण विचारावे. तलाठी गावात येतातच, तर त्यांनी वहीत अजून एक रकाना आखावा. किती बायांचे किती रोज बुडाले, एवढेच लिहायचे. सात बाया गुणिले आठ दिवस म्हणजे छप्पन रोज. हे गणित दुसरीतल्या मुलाला पण येते.

आणि काम पावसाने मोडले तर त्या दिवसाचा रोज पुरा द्यावा. ताडपत्री धरली असेल तर नक्कीच द्यावा. बाबा शनिवारी पालकसभेला येतील तेव्हा हे वाचतील. रागावले तर रागावतील.

हा लेख मी आधी मैत्रिणीला दाखवला. तिने माझ्या तीन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि म्हणाली, "पाढ्याचं कशाला लिहिलं?" मग तिने परत पहिल्यापासून वाचला. तिच्या आईला वाचता येत नाही, शनिवारी ती वाचून दाखवणार आहे.

— इयत्ता चौथी