हाताचे ज्ञान आणि प्रबंधाची भाषा

१

'डिझाइन' या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप मिळालेला नाही. बांधकाम खात्यात 'संकल्पचित्र' रूढ आहे, कलाशिक्षणात 'उपयोजित कला' आणि 'आरेखन' हे शब्द चालतात, तर परिभाषेत 'संकल्पन' आणि 'अभिकल्प' यांची ये-जा असते. 'कम्युनिकेशन डिझाइन' या ज्ञानशाखेस येथे 'संवाद-अभिकल्प' म्हटले आहे. ग्रंथाचे मुखपृष्ठ आणि पानाची मांडणी, मुद्राक्षरे, फलक, नकाशे, जाहिराती, संगणकाच्या पडद्यावरील मजकुराची रचना हे सारे तिच्या कक्षेत येते. या क्षेत्रात दहा-पंधरा वर्षे काम केलेली व्यक्ती पदव्युत्तर अभ्यासासाठी विद्यापीठात आली, तर विद्यापीठाने तिला काय द्यावे आणि तिच्याकडून काय मागावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. वरकरणी तो कलाशिक्षणाचा वाटेल. परंतु अक्षर आणि पान ही या शाखेची प्रमुख सामग्री आहे, आणि मराठीचे अक्षर व मराठीचे पान यांच्याविषयीचा प्रश्न मराठी विभागांना परका मानता येणार नाही.

या शिक्षणाची परंपरा मुंबईत जुनी आहे. सर जे. जे. कलाशाळेतील व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ साली सुरू झाला व पुढे तो स्वतंत्र उपयोजित कला संस्था बनला. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ साली स्थापन झाले आणि ऐंशीच्या दशकात तेथे दृश्यसंवादाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. मात्र पूर्णवेळ, निवासी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम हा मुख्यतः नुकत्याच पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला सोयीचा असतो. ज्याच्या हाती चालू कामे आहेत, ज्याच्यावर घर आणि चार सहायक अवलंबून आहेत, अशा व्यवसायरत अभिकल्पकाराला तो सहसा परवडत नाही. आणि जो येतो, त्याच्याजवळ आधीच असलेल्या ज्ञानाचे काय करावे, याचे निश्चित उत्तर विद्यापीठांजवळ नसते.

२

हे ज्ञान कोणत्या प्रकारचे असते? देवनागरीतील मजकूर आणि रोमनमधील मजकूर एकाच मापात शेजारी ठेवले, तर देवनागरी अक्षर बहुधा लहान दिसते. कारण त्या मापात वेलांटी, मात्रा, रफार आणि उकार यांनाही जागा द्यावी लागते. दोन ओळींमधील अंतर कमी केले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. रोमन अक्षरे सुटी करून शीर्षक ऐसपैस करता येते. देवनागरीत तसे केले, तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. अनुभवी मांडणीकार या अडचणी डोळ्यांनी ओळखतो, हाताने सोडवतो आणि पुढच्या कामाकडे वळतो. का सोडवली, कशी सोडवली, कोणते पर्याय टाकून दिले, याची नोंद मागे राहात नाही.

मराठी मुद्रणाच्या इतिहासातील फार मोठा भाग अशा अलिखित ज्ञानाचा आहे. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्या छापखान्याच्या अक्षरांची कीर्ती देशभर पसरली. ती अक्षरे आज जुन्या ग्रंथांत पाहता येतात. परंतु अमुक वळण अमुकच का घेतले, याविषयी ती घडवणाऱ्या हातांचे म्हणणे वाचायला मिळत नाही. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या पिढ्यांचेही असेच झाले. मात्रा, अनुस्वार आणि रफार मूळ अक्षराभोवती बसवण्याच्या त्यांच्या युक्त्या छापखान्यांबरोबर संपल्या. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरविद्येवरील बृहद्ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ साली प्रसिद्ध केला, हा यातील मोठा अपवाद. पण मराठी माणसाने मराठी शासनसंस्थेमार्फत देवनागरीवर लिहिलेला हा ग्रंथ इंग्रजीत आहे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

हाताचे ज्ञान विचाराच्या पातळीवर आणता येते, याचे उदाहरण र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या कार्यात दिसते. जाहिरात व्यवसायात दोन दशकांहून अधिक काळ काढल्यानंतर ते १९८३ साली पवईच्या केंद्रात अध्यापनासाठी आले. शिलालेखांतील अक्षरांपासून संगणकावरील मुद्राक्षरांपर्यंत त्यांनी लिपीचा अखंड शोध घेतला. विंडोज प्रणालीबरोबर घरोघर पोहोचलेले 'मंगल' हे देवनागरी मुद्राक्षर त्यांचेच. अच्युत पालव यांनी जाहिरातसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर केलेला मोडी लिपीचा अभ्यास आणि त्यातून पुढे आलेली त्यांची 'मुक्तलिपी' हेही याच दिशेचे पाऊल होते. दोन्ही उदाहरणांत व्यवसाय आणि संशोधन यांचा सांधा व्यक्तीने स्वतःच्या बळावर जुळवला. जे असामान्य व्यक्तीला साधते ते सामान्य अभ्यासकालाही साधावे, अशी व्यवस्था करणे हेच विद्यापीठाचे काम होय.

३

विद्यापीठांपुढे सामान्यतः दोन मार्ग असतात आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिल्या मार्गात अभिकल्पकाराची कामे मांडून घेतात, तज्ज्ञ ती पाहतात आणि गुण देतात. यात कौशल्याची पावती मिळते, पण ज्ञानात भर पडत नाही. कारण चांगली मांडणी चांगली का आहे, हे तिच्याकडे पाहून दुसऱ्याला शिकता येईलच असे नाही. दुसऱ्या मार्गात त्याच्याकडून रूढ प्रबंध लिहून घेतात. पहिल्या प्रकरणात व्याख्या, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात प्रश्नावली आणि शेवटी निष्कर्ष. ज्याने पंधरा वर्षे पाने घडवली, त्याला पानांविषयी इतरांनी लिहिलेले संकलित करायला लावायचे आणि त्याचे स्वतःचे काम परिशिष्टात चित्र म्हणून डकवायचे, हा प्रकार विपरीत म्हणावा लागेल.

या पेचाची चर्चा पाश्चात्त्य कलाशिक्षणात झालेली आहे. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली कृती करता करता चालणाऱ्या विचाराचे विवेचन केले; ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली कलेविषयीचे, कलेच्या द्वारे केलेले आणि कलेसाठी केलेले असे संशोधनाचे तीन प्रकार सुचवले. हे विवेचन उपयुक्त आहे. तथापि मराठीच्या अभ्यासकाला उत्तरासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. ते त्याच्याच घरात आहे आणि त्याचे नाव पाठसंपादन.

वि. भि. कोलते यांनी १९७८ साली सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'चे उदाहरण घ्यावे. तेथे संशोधनाचे फलित म्हणजे खुद्द संपादित ग्रंथ. प्रस्तावना आणि टिपा त्या फलिताचे समर्थन करतात. पाठसंपादकाला पदोपदी निवड करावी लागते. दोन पोथ्यांत दोन पाठ आढळतात. एक स्वीकारायचा, दुसरा टाकायचा. पण टाकलेला पाठ तो लपवत नाही, तळटीपेत नोंदवतो आणि स्वीकाराचे कारण देतो. म्हणूनच पुढचा अभ्यासक त्याच्याशी असहमत होऊ शकतो. अशा असहमतीला जागा देणे हेच संशोधनाचे लक्षण होय.

अभिकल्पकारही नेमके हेच करतो, फक्त टाकलेल्या पाठांची टीप लिहीत नाही. मुलांसाठी मराठी वाचनपुस्तक घडवणाऱ्याला 'श' देठाचा की हिंदी वळणाचा, 'ल' पाकळीचा की दंडाचा, जोडाक्षर आडवे मांडायचे की उभे, असे शंभर निर्णय घ्यावे लागतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ही रूपे ठरवून दिली. तरी संगणकावरील अनेक मुद्राक्षरांत हिंदी वळणाचीच रूपे आधी समोर येतात. अशा वेळी अभिकल्पकाराने काय केले, कोणत्या मुलांनी कोणते रूप चटकन ओळखले, कोणता नमुना फसला, हे त्याने पाठसंपादकाच्या काटेकोरपणाने नोंदवले, तर पुस्तक आणि निवेदन मिळून प्रबंध होतो. केवळ पुस्तक किंवा केवळ निवेदन यांपैकी एकाने तो होत नाही.

४

हे निवेदन कोणत्या भाषेत असावे? संवाद-अभिकल्पाच्या उच्च शिक्षणाचे माध्यम आज प्रामुख्याने इंग्रजी आहे आणि त्याची व्यावहारिक कारणे उघड आहेत. ज्याचा विषय जाहिरातीचे जागतिक अर्थकारण असेल, त्याने इंग्रजीत लिहिण्यास कोणाची हरकत असू नये. पण विषय जेव्हा मराठी अक्षर, मराठी पाठ्यपुस्तक किंवा मराठी वर्तमानपत्राचे पान हा असतो, तेव्हा भाषेची निवड विषयालाच भिडते. 'वाऱ्या' आणि 'वार्‍या' यांतील भेद, 'तऱ्हा'मधला तो अर्धा 'र', 'ॲ' आणि 'ऑ' यांचे स्थान, हे प्रश्न मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतून आणि लेखनपरंपरेतून उपजलेले आहेत. 'ॲ' या अक्षराला युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत मराठी माणूस 'अ'वर चंद्र ठेवून आपले काम भागवत होता आणि ते जुळवताना काय अडते, हे मांडणी करणाऱ्यांना रोज कळत होते. ते मराठीत लिहिले गेले असते, वैयाकरणांनी वाचले असते, शिक्षकांनी त्यावर चर्चा केली असती, तर लिपीविषयीचे आपले म्हणणे लवकर आणि एकमुखाने मांडता आले असते, असे मानण्यास जागा आहे.

मराठीत परिभाषा नाही, हा आक्षेप अर्धसत्य आहे. शिरोरेषा, नाभी, जानू, पाद अशी मानवी शरीरावरून घेतलेली अक्षररेषांची नावे देवनागरीच्या अभ्यासात वापरली गेली आहेत. जुळारी, खिळा, मुद्रिते, फर्मा ही छापखान्याची भाषा दीडशे वर्षांची आहे. उणीव आहे ती या शब्दांना विवेचनात राबवण्याची. परिभाषा कोशात तयार होत नाही, ती वादात तयार होते. आणि वाद लिहिल्यावाचून होत नाही.

मराठी समीक्षेलाही या देवघेवीची गरज आहे. सावरकरांच्या लिपिसुधारणेचा विचार आपण भाषाशुद्धीच्या संदर्भात करतो. पण 'अ'च्या बाराखडीमागे खिळ्यांची संख्या कमी करण्याचा जो छापखान्याचा प्रश्न होता, त्याचे पुरते आकलन जुळाऱ्याच्या खणांचा तक्ता पाहिल्याशिवाय होणार नाही. अरुण कोलटकर हे सर जे. जे. मध्ये शिकलेले आणि जाहिरात व्यवसायात नाव मिळवलेले अभिकल्पकार होते. त्यांच्या कवितेच्या प्रतिमांविषयी भरपूर लिहिले गेले. पानावरील ओळीकडे पाहण्याची त्यांच्या व्यवसायाने घडवलेली नजर कवितेत कशी उतरते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. तो विचारण्याची साधने अभिकल्पकाराजवळ आहेत आणि तो मांडण्याची साधने मराठीच्या अभ्यासकाजवळ.

५

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. अभिकल्पकार लेखक नसतो. त्याची प्रतिभा रेषेत आहे, तिला वाक्यात कोंबणे म्हणजे तिचा अपमान, असे अनेक जाणकार म्हणतात. यात तथ्य आहे. वाईट निवेदन चांगल्या कामाला बाधक ठरते, आणि आधी काम करून मागाहून कारणे रचण्याचा मोहही मोठा असतो. म्हणूनच निवेदन अलंकारिक किंवा सिद्धान्तजड असू नये. ते कामाच्या रोजनिशीतून घडावे. टाकून दिलेली रेखाटने, दुरुस्त केलेली मुद्रिते आणि वाचकांचे अभिप्राय हा त्याचा पुरावा असावा. आणि ज्याला केवळ उत्तम काम करायचे आहे, त्याने पदवीच्या मागे लागू नये. पदवीवाचून त्याच्या कामाला काही उणेपण येत नाही. विद्यापीठाची पदवी मागणाऱ्याने मात्र आपले ज्ञान दुसऱ्याच्या हाती देण्याची जबाबदारी पत्करली पाहिजे.

यासाठी लागणारी व्यवस्था अवाढव्य नाही. व्यवसाय न सोडता पुरा करता येईल असा तीन वर्षांचा अंशकालिक अभ्यासक्रम; एक मार्गदर्शक अभिकल्पाचा आणि एक मराठीचा; सादरीकरणात एक पूर्ण काम, त्याचे निवेदन आणि त्या कामाच्या पूर्वपरंपरेचा एक छोटा ऐतिहासिक अभ्यास; मौखिक परीक्षा प्रत्यक्ष कामासमोर; आणि कच्च्या रेखाटनांसह सर्व सामग्री ग्रंथालयात जमा. पदवी नसलेल्या, पण व्यवसायात अधिकारी ठरलेल्या व्यक्तींना अध्यापनासाठी बोलावण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली व्यवसायानुभवी प्राध्यापकांच्या तरतुदीने खुली केली आहे. तिचा उपयोग मराठी विभागांनीही करावा. निदान एम. ए. च्या स्तरावर लिपी आणि ग्रंथनिर्मिती यांची एक ऐच्छिक अभ्यासपत्रिका ठेवण्यास कोणतीही अडचण दिसत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने शिलालेख, ताम्रपट आणि पोथ्या यांचे स्मरण झाले, ते योग्यच झाले. परंतु पोथी ज्या हाताने लिहिली त्याच्या उत्तराधिकाऱ्यांचाही विचार व्हायला हवा. खिळे जुळवलेले, पुढे फोटोटाइपसेटिंग पाहिलेले आणि आज संगणकावर काम करणारे मांडणीकार आता उतारवयात आहेत. तिन्ही युगांचे ज्ञान एकाच हातात असलेली ही शेवटची पिढी. विद्यापीठाच्या दारात त्यांना आणायचे, तर त्यांच्यापुढे नमुना प्रबंधाचा साचा ठेवण्यापूर्वी एक साधा प्रश्न ठेवावा लागेल: हे पान असे का केले? त्याचे उत्तर त्यांनी आपल्या भाषेत सांगावे आणि ते उतरवून घेण्याइतकी तयारी मराठी विभागांची असावी.