पाचव्या स्थानावरचा शिमोन

आज गुड फ्रायडे. वसईच्या गावागावांतून आज येशूच्या अखेरच्या वाटचालीचे स्मरण करणारी 'क्रूसाची वाट' निघेल. तिच्या चौदा स्थानांतले पाचवे स्थान शिमोनचे. मार्कच्या शुभवर्तमानात या माणसाच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. तो कुरेनेचा, म्हणजे आजच्या लिबियातल्या जुन्या ग्रीक वसाहतीतला; आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. शेतावरून येत होता आणि सैनिकांनी त्याला येशूचा क्रूस वाहायला वेठीस धरले.

शिमोन आपण होऊन पुढे आला नव्हता. रोमन सैनिक वाटेवरच्या कोणालाही धरून त्याच्यावर ओझे लादू शकत असे. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने एक मैलाच्या सक्तीबद्दल जे सांगितले, ते याच जाचाला धरून. रात्रभरची चौकशी आणि फटके सोसलेल्या येशूला आता लाकडाचे वजन पेलेना. सोबतचे सैनिक धडधाकट होते, पण त्यांच्यापैकी कोणी खांदा दिला नाही. देहदंडाचे लाकूड वाहणे म्हणजे बेइज्जती. ती त्यांनी दूर देशाहून आलेल्या, हाती सत्ता नसलेल्या एका वाटसरूच्या माथी मारली. 'नाही' म्हणण्याची सोय ज्याला नाही, असाच माणूस अशा वेळी निवडला जातो.

शिमोनला करुणेचा पाझर फुटला, असे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. शुभवर्तमानांत तसे काही नाही. तो कळवळला की संतापला, हे मार्क, मत्तय, लूक कोणीच सांगत नाहीत. योहानाच्या वृत्तांतात तर तो येतच नाही. त्याला स्वयंसेवक करून टाकले की सैनिकांची जबरदस्ती नजरेआड होते. शुभवर्तमानकारांनी ती लपवली नाही, हा त्यांचा मोठा प्रामाणिकपणा आहे.

मार्क दोन मुलांची नावे काहीही ओळख न देता लिहितो. त्याअर्थी त्याच्या पहिल्या वाचकांना ही मुले ठाऊक असणार. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी एका रूफला सलाम आहे आणि रूफच्या आईलाही. ती आपलीही आईच, असे पौल म्हणतो. मार्कचे लेखन रोममध्ये झाले, अशी जुनी परंपरा आहे. दोन्ही रूफ एकच असतील, तर त्या सक्तीच्या ओझ्यातून एक अख्खे घर येशूशी जोडले गेले. नाव सर्रास आढळणारे, त्यामुळे पुरावा म्हणता येत नाही. तरी आम्हाला ते संभवनीय वाटते. १९४१ साली जेरुसलेमजवळ किद्रोनच्या खोऱ्यात 'शिमोनचा मुलगा आलेक्सांद्र' असे कोरलेली एक अस्थिपेटी सापडली. हाच तो आलेक्सांद्र, असे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण कोणा एका शिमोनच्या मुलाचे नाव दगडावर टिकले, एवढे खरे.

शिमोनवर लादली तशी वेठ आपल्याकडेही होती. वसई आज ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या तलासरी-डहाणू भागात १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उभे राहिले. पुढे राज्यघटनेच्या कलम २३ने वेठीला मनाई केली, १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदाही झाला. तरी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन वीटभट्टीवर गेलेली कातकरी आदिवासी कुटुंबे हंगामाअखेर हिशेबात अडकतात आणि फिटेना म्हणून पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच भट्टीवर जातात. गुड फ्रायडे येतो तोही भट्ट्या पेटत्या असतानाच.

पाचव्या स्थानाशी आज गुडघे टेकणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत किंवा शेजारी वीटभट्टी असेल, तर ईस्टर उलटल्यावर तिथे जा. उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, हातात काय पडले, हे तिथल्या कुटुंबांना विचारा. कोणाला अडकवून ठेवले आहे असे दिसले, तर प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. वेठबिगारांची सुटका करण्याचे काम कायद्याने त्यांच्यावर सोपवलेले आहे.