आधी तराजू तपासा, मग बोर्ड रंगवा



पायथॉन शिकणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला खिडकीवाला प्रोग्रॅम म्हणजे कॅल्क्युलेटर. विंडोजवर पायथॉनसोबतच मिळणारं टीकेइंटर वापरलं की थोड्या वेळात स्क्रीनवर बटणं दिसायला लागतात. आणि मग काय होतं? आपण दोन दिवस रंग निवडत बसतो. बटण नारिंगी की निळं? फॉन्ट कुठला? माझं स्पष्ट मत सांगतो, हा क्रम उलटा आहे. तुम्हाला धंदा करायचाय. उद्या याच कॅल्क्युलेटरवरून तुम्ही गिऱ्हाईकाला दर सांगणार. मग बोर्ड रंगवण्याआधी तराजू नको का तपासायला?

तपासायची पद्धत सोपी आहे. उत्तर आधी कागदावर लिहा, मग बटण दाबा. सुरुवातीला चार हिशेब पुरेत.

पहिला, २५० + ५०. उत्तर २५०५० आलं तर घाबरू नका. चौकटीत टाइप केलेलं पायथॉनला मजकूर म्हणून मिळतं आणि दोन मजकूर मिळवले की ते एकमेकांना चिकटतात. आधी त्यांचे आकडे करून घ्या.

दुसरा, ०.१ + ०.२. उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. संगणक आकडे बायनरीत ठेवतो आणि त्यात ०.१ नेमका बसत नाही. पैशांचा हिशेब असेल तर तो पूर्ण पैशांत करा, नाहीतर पायथॉनचं डेसिमल मॉड्यूल वापरा.

तिसरा, ५०० भागिले ०. इथे एरर येईल. लाल अक्षरं बघून खिडकी बंद करू नका. शेवटची ओळ वाचा, चूक कसली ते तिथे लिहिलेलं असतं. कोडमधल्या ओळीचा नंबर त्याच्या वर मिळेल. एरर म्हणजे चूक तोंडावर सांगणारा प्रामाणिक माणूस. भीती बाळगायची ती गप्प बसणाऱ्या चुकीची.

चौथा हिशेब त्याचाच. जीएसटीसकट किंमत ११८० रुपये, दर १८ टक्के. कर किती? तुम्ही ११८० चे १८ टक्के काढले, आले २१२.४०. प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. पण खरा कर आहे १८० रुपये, कारण ११८० ला १.१८ ने भागलं की मूळ किंमत १००० येते. एका नगामागे ३२.४० रुपयांची चूक, शंभर नगांमागे ३२४० ची. आणि स्क्रीन झकास दिसत असेल तर त्या आकड्यावर शंका तरी कोण घेणार?

मग सजावट नकोच का? हवी ना! पण ती हाताच्या आणि डोळ्याच्या सोयीसाठी. आकडे मोठे ठेवा, उजवीकडे टेकलेले. पुसायचं बटण वेगळ्या रंगाचं आणि उत्तराच्या बटणापासून लांब. मॅकवर साध्या बटणाचा पार्श्वरंग बदलत नसेल तर रात्र जागवू नका. तिथे मॅकची स्वतःची बटणं वापरली जातात, तुमची चूक नाही ती.

सजावटीत काही बदललं की तेच चार हिशेब पुन्हा करा. सगळ्या बटणांना एकसारखं रूप द्यायला ती लूपमध्ये घातली की कुठलंही दाबा, ९ च उमटतो, हा अनुभव नवशिक्यांना हमखास येतो. कारण बटण आपला आकडा दाबल्यावर शोधतं आणि तोवर लूप शेवटच्या आकड्यावर पोचलेलं असतं. बटण बनवतानाच त्याचा आकडा त्याच्याकडे बांधून द्या.

तुम्ही म्हणाल, मोबाइलमध्ये फुकट कॅल्क्युलेटर असताना एवढा खटाटोप कशाला? सवयीसाठी. उत्तर आधी मनाशी ठरवून मग यंत्राला विचारायची सवय लागली, की पुढे कोटेशन असो, स्टॉकची शीट असो की कामगारांचा पगार, चुकीचा आकडा तुमच्या हातून सहजासहजी बाहेर जाणार नाही.

आज एवढंच करा. कागद घ्या आणि तुमच्या धंद्यातले चार हिशेब उत्तरांसकट लिहून काढा. रंग उद्या बघू.