पेटंट कागदावर, कापूस शेतात



मागच्या हंगामात तालुक्याच्या ठिकाणी कापूस वेचणीच्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. मांडव होता, लाऊडस्पीकर होता, चहा-पोह्यांची सोय होती. यंत्र तासभर चालले, टाळ्या पडल्या, आणि "आता मजुरांची कटकट संपली" असे माईकवरून जाहीर झाले. परतताना एस.टी.त शेजारी बसलेला शेतकरी हळूच म्हणाला, "यंत्र झकास आहे हो, पण ते माझ्या पऱ्हाटीत शिरणार कुठून?"

मला त्या एका वाक्यात सगळ्या भाषणांपेक्षा जास्त शहाणपण दिसले. हाच प्रश्न अमेरिकेतल्या कापूस उत्पादकांपुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उभा होता. त्याचे उत्तर सापडायला तिथे पन्नास वर्षे गेली, आणि सापडले तेव्हा लाखो माणसांच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या जिल्ह्यात यंत्राची चर्चा सुरू झालीच आहे, तर तो इतिहास आपण आधी समजून घेतला पाहिजे.

सन १९०० येईपर्यंत अमेरिकेत शेतीच्या बहुतेक कामांना यंत्र सापडले होते. गहू कापण्याच्या यंत्राचे पेटंट सायरस मॅकॉर्मिकने १८३४ सालीच घेतले होते. कापूस मात्र हातानेच वेचला जात होता. कारण तुम्हा-आम्हाला सांगायला नको. गहू एकदम पिकतो. कापूस तसा फुटत नाही. खालचे बोंड फुटून पांढरे झालेले असते तेव्हा शेंड्याला पाती आणि फुले असतात. फुटलेले तेवढे घ्यायचे, कच्च्याला धक्का लावायचा नाही, पालापाचोळा येऊ द्यायचा नाही. आपल्या बायांची बोटे हे काम बोलता बोलता करतात. लोखंडाला ते शिकवणे महाकठीण.

प्रयत्न करणाऱ्यांची मात्र वाण नव्हती. कापूस वेचणी यंत्राचे पहिले अमेरिकन पेटंट मेंफिस शहरातल्या रेम्बर्ट आणि प्रेस्कॉट या दोघांनी १८५० साली घेतले. त्यानंतर पेटंटांची रीघ लागली. कुणी हवेने कापूस ओढून घेण्याचे यंत्र काढले. कुणी विजेच्या भाराने कापूस चिकटवून घेऊ पाहिला. कुणी अख्खे झाडच कापून मळण्याची तजवीज केली. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा असतो. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती आकृतीसकट उघड करायची. त्याच्या मोबदल्यात ठराविक वर्षे त्याच्या परवानगीशिवाय ती कुणी वापरायची नाही. त्या काळी अमेरिकेत ही मुदत १७ वर्षांची होती. मुदत संपली की युक्ती सगळ्या जगाची.

या गर्दीत खरी वाट सापडली ती शिकागोच्या अँगस कॅम्पबेलला. चरख्याच्या चातीसारख्या बारीक, काटेरी चात्या पिंपावर बसवायच्या, त्या गरगर फिरत झाडात शिरतील, फुटलेल्या बोंडातला कापूस त्यांच्याभोवती गुंडाळला जाईल आणि कच्चे बोंड जागीच राहील, अशी त्याची कल्पना. १८९५ च्या सुमारास त्याने तिचे पेटंट घेतले. पुढे कितीतरी वर्षे हा माणूस दर हंगामात यंत्र घेऊन टेक्सासच्या शेतांत जात होता. यंत्र मोडायचे, तो दुरुस्त करायचा, पुन्हा पुढल्या वर्षी हजर. नंतर थिओडोर प्राइस नावाचा न्यूयॉर्कचा कापूस व्यापारी त्याच्या पाठीशी उभा राहिला. १९२४ साली त्यांची पेटंटे इंटरनॅशनल हार्वेस्टर या बड्या कंपनीने विकत घेतली. ही कंपनी मॅकॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन कारखाने १९०२ साली एक होऊन बनली होती.

आता हिशेब करा. १८९५ च्या पेटंटाची १७ वर्षे १९१२ साली भरली. म्हणजे मूळ युक्ती तेव्हाच मोकळी झाली होती. तरीही यंत्र बाजारात यायला आणखी तीस वर्षे लागली. पेटंटाने वाट अडवली असे म्हणावे तर ते संपले होते, आणि पेटंटाने वाट उघडली म्हणावे तर शेतात यंत्र नव्हते. मग अडले कशात?

अडले दोन गोष्टींत. पहिली गोष्ट झाडाची. उंच, पसरट, मागेपुढे फुटणाऱ्या पऱ्हाटीत यंत्र नीट चालत नव्हते. तण आणि हिरवा पाला कापसात मिसळे, आणि जिनमध्ये तो साफ करण्याची सोय नव्हती. दुसरी गोष्ट माणसाची. अमेरिकेच्या दक्षिणेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण कापूस वेचणारी कुटुंबे, बहुसंख्य काळी आणि बरीच गरीब गोरीही, बटईने जमीन कसत राहिली. मालकाच्याच दुकानातून उधारी, हंगामाअखेर मालकाचीच वही, आणि बाकी कायम शेतकऱ्याच्या नावावर. वेचणीला घरातली पोरेसुद्धा उभी असत. जिथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त मिळतो, तिथे यंत्रावर पैसा घालणार कोण?

याच काळात एका कोरडवाहू मुलखात काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. टेक्सासचे उंच पठार, पाऊस जेमतेम ४५० मिलिमीटर, गाव विरळ, मजूर दुर्मीळ. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि कापसाचे भाव कोसळले. वेचणी देऊन हाती काही उरेना. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी घराच्या कुंपणाच्या लाकडी पट्ट्या उपटल्या, चाके नसलेल्या घसरगाडीच्या तोंडाशी दात्यासारख्या ठोकल्या, खेचरे जुंपली आणि गाडी तासावरून ओढली. बोंडे नख्यांसकट ओरबाडून गाडीत पडू लागली. १९२६ साली पीक उदंड आले, भाव पुन्हा पडला आणि या घसरगाड्या पठारभर दिसू लागल्या. तिथे थंडीचा कडाका पडला की पऱ्हाटीचा पाला आपोआप झडतो, झाड बुटके राहते, म्हणून ही युक्ती चालली. जिनवाल्यांना हा कचराळ माल नको होता. पण सगळाच माल तसा येऊ लागल्यावर त्यांनी नख्या वेगळ्या काढणारी यंत्रे बसवली. १९३० च्या आसपास कारखाने त्याच घसरगाडीची सुधारलेली लोखंडी यंत्रे करू लागले.

शिकागोच्या चातीवर पैसा आणि बुद्धी ओतली जात होती, तोवर पठारावरच्या शेतकऱ्याने कुंपण मोडून आपली अडचण त्या हंगामापुरती भागवली होती. त्याने आधी आपली जमीन, आपले झाड आणि आपला भाव पाहिला, मग यंत्र केले. आपण शिकायचे ते इथून.

टेक्सासच्याच जॉन रस्टची गोष्टही तशीच. लहानपणी त्याने हाताने कापूस वेचला होता. कॅम्पबेलच्या काटेरी चातीत कापूस अडकून बसे. तो सोडवायचा कसा, यावर रस्ट डोके खाजवत होता. १९२७ साली एका रात्री अंथरुणात त्याला आठवले की सकाळच्या दहिवरात कापूस बोटांना चिकटायचा, आणि आजी सूत कातताना चाती ओली करायची. तो उठला, एक खिळा जिभेने ओला करून कापसात फिरवला. कापूस चिकटला. गुळगुळीत ओल्या चातीचे यंत्र त्यातून जन्मले. ही आठवण कारखान्यातल्या इंजिनिअरला कुठून येणार? ज्याने ओळीत वाकून पाठ मोडून घेतली, त्यालाच ती आली.

३१ ऑगस्ट १९३६ ला मिसिसिपी राज्यात स्टोनव्हिलच्या प्रयोग केंद्रावर रस्टचे यंत्र लोकांपुढे चालले. टाळ्यांऐवजी धास्ती पसरली. हे यंत्र मिसिसिपी नदीत बुडवा, असे तिथल्या एका वर्तमानपत्राने लिहिले. खुद्द जॉन आणि त्याचा भाऊ मॅक यांनाही बटईदारांची काळजी होती. यंत्र सरसकट विकू नये, मजुरी आणि बालमजुरीबाबत अटी मानणाऱ्यालाच भाड्याने द्यावे, असा विचार त्यांनी केला. हेतू नेक होता, पण यंत्र वारंवार बिघडे, भांडवल अपुरे होते. त्यांचा उद्योग बसला. अटी घालणारा बाजूला पडला आणि बाजार पुढे गेला.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिणेतले मजूर शहरातल्या कारखान्यांकडे वळले, मजुरी चढली. १९४२ साली हार्वेस्टर कंपनीने यंत्र तयार असल्याचे जाहीर केले. २ ऑक्टोबर १९४४ ला मिसिसिपीतल्या हॉप्सन मळ्यावर त्याचे प्रात्यक्षिक झाले. चांगला वेचणारा तासाला २० पौंड वेचत असे. यंत्राने सुमारे १००० पौंड वेचला. मळ्याच्या मालकाने हिशेब मांडला: एका गाठीच्या वेचणीला हाताने ३९ डॉलर ४१ सेंट, यंत्राने ५ डॉलर २६ सेंट. या दोन आकड्यांनी जे केले ते पन्नास वर्षांच्या पेटंटांनी केले नव्हते. १९७० येईपर्यंत तिथला जवळजवळ सगळा कापूस यंत्राने निघू लागला. बटईदारांची लाखो कुटुंबे उत्तरेच्या शहरांत गेली. काही आधीच चांगल्या मजुरीच्या ओढीने निघाली होती, उरलेल्यांना यंत्रानंतर राहायला कारण उरले नाही. ती कुठे जातील, काय खातील, हे ठरवताना त्यांना कुणी विचारले नाही.

ज्वारीवाल्यांनीही इथे कान द्यावा. अमेरिकेत ज्वारी कंबाईनने काढता यावी म्हणून तिथल्या पैदासकारांनी १९३० च्या सुमारास ताटच बुटके केले. त्यांना दाणा हवा होता, कडब्याची गरज नव्हती. आपल्याकडे दाणा माणसाचा आणि कडबा जनावराचा. ताट बुटके केले तर कंबाईन खूश, पण दावणीची गाय उपाशी. यंत्रासाठी झाड बदलायचे की झाडासाठी यंत्र, हे ठरवण्याआधी त्या झाडावर कोण कोण जगते ते मोजावे लागते.

मी यंत्राच्या विरोधात नाही. जन्मभर दुसऱ्याच्या पोरांनी वाकून कापूस वेचावा आणि आपण संस्कृतीच्या गप्पा माराव्या, हे मला पटत नाही. वेचणीला बाहेरगावाहून गाड्या भरून मजूर आणावे लागतात, किलोमागचा दर चढत जातो, आणि वेळेवर वेच न झाल्याने कापसाची कवडी होते, हे मी माझ्याच शेतात भोगतो आहे. यंत्र येणार. ते कोणाच्या अटींवर येणार, एवढाच प्रश्न आहे. म्हणून माझ्या मते आपण तीन गोष्टी आधी मागितल्या पाहिजेत.

पहिली, झाड. कमी अंतराच्या सघन लागवडीचे आणि बुटक्या, एकदम फुटणाऱ्या वाणांचे प्रयोग आपल्याकडे गेली काही वर्षे चालू आहेत. ते वाण हलक्या, मुरमाड, कोरडवाहू जमिनीत, पावसाने दडी मारलेल्या सालीही दाखवावेत. ओलिताच्या काळ्या जमिनीत दाखवलेले प्रात्यक्षिक आमच्या कामाचे नाही. एकरी बियाणे किती जास्त लागते, त्याचाही हिशेब सोबत द्यावा.

दुसरी, जिन. आपल्याकडचे बहुतेक जिन रोलरचे आहेत आणि हाताने वेचलेल्या स्वच्छ मालावर बेतलेले आहेत. यंत्राच्या मालात पाला आणि नख्या येणारच. त्यासाठी भाव किती कापणार, हे जिनवाल्यांनी हंगामाआधी पाटीवर लिहावे. नाहीतर वेचणीत वाचवलेला पैसा तोलाईच्या काट्यावर जाईल.

तिसरी, बाया. वेचणी हा बायांच्या हातात रोख पैसा येण्याचा हंगाम आहे. सीतादही करून त्यांच्याच हाताने आपण पहिला वेच सुरू करतो, आणि यंत्राचा ठराव मात्र त्यांना न विचारता करतो. गावात यंत्र आले तर ते भाड्याने चालवणाऱ्या गटात वेचणाऱ्या बायांचा वाटा असावा. रस्ट बंधूंना एकट्याने जमले नाही, कारण अटी घालणारे दोघेच होते. गावाने मिळून घातलेली अट मोडणे सोपे नसते.

आणि आपल्या गावच्या वेल्डिंगवाल्याला, सुताराला, लोहाराला विसरू नका. मुदत संपलेल्या पेटंटातली युक्ती कुणाच्या बापाची नसते; ती बनवायला परवानगी लागत नाही. कॅम्पबेलची चाती आणि रस्टचा ओला खिळा आज सगळ्यांचे आहेत. टेक्सासच्या शेतकऱ्याने कुंपणाच्या पट्ट्या वापरल्या. आपल्या वखर-डवऱ्याला नवे पाते लावणारा माणूस उद्या आपल्या पऱ्हाटीला साजेसे यंत्र करणार नाही कशावरून?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने एक चिठ्ठी आणावी. किती वेच झाले, किलोमागे काय दर दिला, किती क्विंटल निघाले, त्यातली कवडी किती, आणि वेचणीला किती बाया किती दिवस होत्या. हॉप्सन मळ्याच्या मालकाकडे त्याचे दोन आकडे तयार होते, म्हणून त्याचे म्हणणे चालले. आपले आकडे आपल्या हाती असतील तर माईकवरच्या माणसाला आपणही विचारू शकू, तुमचे यंत्र आमच्या पऱ्हाटीत शिरणार कुठून?