रिफंड कुणाच्या खिशात?

कंपनीच्या कामाचे रेल्वे तिकीट कर्मचाऱ्याने स्वतःच्या कार्डावर काढले, बिल लावले, पैसेही मिळाले. मग गाडी रद्द झाली आणि दौराही बारगळला. ई-तिकिटाचे पैसे जिथून गेले त्याच खात्यात परत येतात, म्हणजे कंपनीकडे नव्हे, त्याच्याकडे. मोबाइलवर बँकेचा एका ओळीचा मेसेज येतो, तो लेखा विभागाला दिसत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाड्या सरसकट रद्द झाल्या, तेव्हा असे मेसेज किती फोनवर आले असतील!

कामाच्या प्रवासातला फायदा कुणाचा, हा प्रश्न इतरत्रही गाजला आहे. जर्मनीत जुलै २००२ मध्ये राजकीय नेते ग्रेगोर गिझी यांनी बर्लिन राज्याच्या आर्थिक व्यवहार खात्याचे मंत्रिपद सोडले. खासदार असताना सरकारी विमानप्रवासावर साठलेले बोनस माइल्स, म्हणजे पुढच्या प्रवासासाठीचे सवलतीचे गुण, त्यांनी खासगी प्रवासाला वापरले होते. उलट अमेरिकेने डिसेंबर २००१ मध्ये कायदा करून केंद्रीय कर्मचाऱ्यांना असे माइल्स ठेवायची मुभा दिली. माइल्सबाबत दुमत समजू शकते. प्रवास झालेला असतो, दगदग त्या माणसाने सोसलेली असते.

रिफंडचे तसे नाही. खर्चच उरला नाही, तर भरपाई कशाची? ‘कुणी विचारले नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही.

मात्र कंपन्यांनीही आपली वागणूक तपासावी. बिले दोन-दोन महिने अडकवायची, रिक्षाच्या भाड्याला पावती मागायची, रद्द तिकिटाची कपात कर्मचाऱ्याच्या माथी मारायची, मग माणूस मनातल्या मनात वसुली करतो. त्याची तक्रार रास्त आहे. ती लेखी मांडावी. आणि प्रवासखर्चाच्या फॉर्मवर ‘नंतर मिळालेला परतावा’ असा एक रकाना हवा.