निशाणी नांगर



आमच्या कुळाची स्मरणिका यंदा चंपाषष्ठीला काढायची आहे. मुखपृष्ठ ठरलेलं होतं. भगवा रंग, मध्ये ढाल-तलवार, खाली 'श्रीमंत मल्हाररावांसोबत माळव्यात आलेलं घराणं'. हे बदलू या असं मी घरच्या बैठकीत म्हणालो, तर रामबागेतले आमचे काका (वय पंच्याऐंशी) तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. "पागल झालास का तू? चांगलं चाललंय तर कशाला उकरून राहिलाय?" एवढंच शेवटचं वाक्य. काकांचा राग मी समजू शकतो. इंदुरातल्या किती तरी मराठी घरांत हीच तलवार टांगलेली आहे. आमचीही होती. लहानपणी दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायचं काम माझं. ती तलवार वडिलांनी सराफ्यात विकत घेतली होती, हे मला चाळिशीत कळलं.

निवृत्त झाल्यावर वंशावळीच्या मागे लागलो. पहिली फेरी उज्जैनला, रामघाटावर. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे दख्खनी यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगायचं, मग पंडितजी गाठोडी सोडतात. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पणजोबा सापडले. शके १८२१, म्हणजे १८९९-१९००. आईच्या अस्थी घेऊन आले होते. नोंद मोडीत. मोबाईलवर फोटो काढून एका जाणकार गृहस्थांकडून वाचून घेतली. 'मूळ राहणार' म्हणून पुरंदर तालुक्यातलं गाव, 'हल्ली वस्ती राऊ, परगणे इंदूर'. आणि सहीच्या जागी एक छोटंसं चित्र. मला ती शाईची रेघोटी वाटली होती. ते गृहस्थ हसले. म्हणाले, "अहो, ही निशाणी नांगर."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याचं हत्यार काढून सही करायचा. पाटील, कुणबी काढायचे नांगर. आमच्या पणजोबांनी तलवार काढली नव्हती.

काकांचं म्हणणं, "आधी मल्हाररावांबरोबर आले असतील, मग परत गेले असतील, मग पुन्हा आले." आता यावर काय बोलणार!

मग गावी गेलो. गाव जेजुरीपासून लांब नाही. नाव देत नाही, तिकडच्या लोकांना विचारलेलं नाही. आमच्याकडे खंडोबाची तळी भरतात, चंपाषष्ठीला भरीत-रोडगा असतो, त्यामुळे मूळ त्या बाजूचं असणार हा अंदाज होताच. घर सापडलं. नात्यानं चुलतभाऊ लागणारे, माझ्याच वयाचे गृहस्थ अंगणात बाजेवर बसलेले. मी मोठ्या उत्साहानं पिशवीतून वंशावळीचा तक्ता काढला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाव्हणं, इंदूरवालं का तुम्ही?" मी हो म्हणालो. ते आत गेले आणि सातबाराची फाईल घेऊन आले.

तेव्हा कळलं की ओढ्याकडच्या तुकड्याला त्या घरात आजही 'इंदुरी पट्टी' म्हणतात. पणजोबा गेले, वाटणी झालीच नाही, आणि चार पिढ्या त्या घरात एकच धास्ती: एक दिवस इंदूरवाला येईल आणि हिस्सा मागेल. आपण इकडे तलवारीला माळा घालत होतो, तिकडे ते आपली वाट पाहत होते, घाबरून. महाराष्ट्रात वंशावळ हा हौसेचा कागद नाही हे मला तेव्हा समजलं. वारस नोंदीला तीच लागते, दाखल्याला तीच लागते. मी म्हणालो, "हक्कसोड लिहून देतो, चला आत्ता तालुक्याला." (इंदूरला परतल्यावर पुतण्यानं लगेच विचारलं, "काका, पण कायद्यानं किती बसेल?" त्यालाही मी दोन आठवडे फोन केला नाही. आमच्यात अबोला आनुवंशिक आहे.)

चहा आला, पिठलं-भाकरी झाली, मग त्यांनी दुसरी फाईल काढली. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीमुळे महाराष्ट्रभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा यांनीही गावचं जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला तिकडे कोतवाल बुक म्हणतात, वाचून घेतलं होतं. त्यात आमच्या पणजोबांचं नाव निघालं. साल १८९७. जात: कुणबी. पण नोंद पणजोबांची नव्हती, त्यांच्या दोन मुलींच्या मृत्यूची होती. एकाच महिन्यात, नऊ दिवसांच्या अंतरानं. एक चार वर्षांची. दुसरीचं नावही नाही, नुसतं 'मुलगी, वय ८ महिने'. कारण: पटकी.

१८९६-९७ चा दुष्काळ दख्खनला कसा पडला होता ते पुस्तकात आहे. पाऊस गेला, पुण्याकडे त्याच वर्षी प्लेग, पाण्याबरोबर पटकी. पणजोबा घोड्यावरून आले नाहीत. उरलेल्या दोन बायकांना, म्हणजे आईला आणि बायकोला, घेऊन निघाले. तेव्हा दौंड-मनमाड लाईन होती, मनमाडहून खंडवा, खंडव्याहून छोट्या लाईनीनं इंदूर. भाडं होतं की पायी चालले, कोण सांगणार. राऊला दुसऱ्याच्या काळ्या मातीत बटाईनं शेती केली. पुढे आजोबांनी थोडी जमीन घेतली, वडिलांनी विकली. आज तिथे कॉलनी आहे.

आता माझं मत. आपण वंशावळ शोधत नाही, सरदार शोधतो. सापडला नाही तर बसवतो. फौजेबरोबर आलेली घराणी आहेतच. त्यांच्या सनदा आहेत, इनामांचे कागद आहेत, त्यांनी अवश्य मिरवावं. पण त्या फौजेतही दसऱ्याला निघायचं आणि पेरणीला घरी परतायचं असाच बहुतेकांचा हिशेब होता. ज्यांच्या नावानं आपण सरदारकी सांगतो ते मल्हारराव खानदेशात तळोद्याला मामांकडे वाढले, मेंढ्या राखल्या असं सांगतात, आणि त्यांचं आडनाव म्हणजे नीरेकाठच्या होळ गावाचं नाव. त्यांना गाव सांगायची लाज वाटली नाही. आपल्यालाच का वाटून राहिली आहे?

मुलगी मिनेसोटात असते. मागच्या वर्षी तिच्याकडे होतो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांशी गट्टी जमली. त्यांचं घराणं मूळ नॉर्वेचं, शेतकरी. १८२५ साली स्टाव्हँगरहून पहिलं जहाज अमेरिकेला गेलं, नंतरच्या शंभर वर्षांत साधारण आठ लाख माणसं गेली. तिकडे पिकाऊ जमीन फार थोडी, आणि शेत थोरल्याकडे जायचं. आपल्याकडे वाटण्या होऊन तुकडे पडतात, तिकडे धाकटे बाहेर पडतात. घर सुटायचं ते सुटतंच. त्यांचं आडनाव म्हणजे त्यांच्या जुन्या शेताचं नाव. मी त्यांना होळकर समजावून सांगितलं, तर खूष झाले. मी विचारलं, तुमचे लोक का आले? त्यांनी सहज सांगितलं, "खायला नव्हतं म्हणून." चहात साखर किती, हे सांगावं तसं.

त्यांच्याकडे एक जाडजूड ग्रंथ होता, गावाचा. नॉर्वेत अशी गावोगावची पुस्तकं आहेत. एकेक शेत घ्यायचं आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोण राहिलं ते लिहायचं. मालक लिहिला, कूळही लिहिलं, गेलेला लिहिला, थांबलेलाही. आपली कुलवृत्तांतांची परंपरा मोठी आहे, त्यावर कष्ट घेणाऱ्यांना नमस्कार. पण ती मुख्यतः लिहित्या-वाचत्या घरांची. नांगरवाल्यांनी स्मरणिका काढताना त्या घाटाची नक्कल कशाला करावी? मूळ पुरुषापासून सुरू करून नातवांच्या पॅकेजपर्यंत? मी तरी 'इंदुरी पट्टी'पासून सुरू करणार. ती कोणी सोडली, मागे कोणी कसली, कोण कधीपासून घाबरलं.

चुलतभावांनी दाखल्यासाठी स्टँपपेपरवर जी वंशावळ केली, त्यात पणजोबांच्या नावाखाली त्या दोन मुली आहेत. नोंद त्यांचीच असल्यामुळे त्यांना वगळता आलं नाही. आणि पुढे 'इंदूर येथे गेले, वारस माहीत नाही'. म्हणजे तिकडच्या मुलांचे दाखले निघाले ते या दोन पोरींच्या नोंदीवर, आणि आमच्या इंदूरच्या तक्त्यात त्यांचा पत्ताच नाही. तिथेच बसून मी त्या कागदाच्या झेरॉक्सवर बॉलपेननं आजोबा, वडील, काका, आत्या, आम्ही सगळे उतरवले. चुलतीनं (चुलतभावांच्या आईनं, वय नव्वदीपुढे) जवळ येऊन बोट ठेवून सगळ्यांची नावं वाचून घेतली.

परवा ती झेरॉक्स काकांना नेऊन दिली. म्हणालो, नका बोलू माझ्याशी, पण हे बघा. आधी म्हणाले, "लहानपणी गेलेल्या पोरींना वंशावळीत कोण घालतं?" मग चष्मा लावला, बराच वेळ बघत बसले. आमचे आजोबा म्हणजे त्यांचे वडील, इंदुरात जन्मलेले, एकुलते एक असंच आम्ही सगळे समजत होतो.

"म्हणजे दादांच्या मोठ्या बहिणी," काका म्हणाले. "माझ्या आत्याच की रे या."

मुखपृष्ठाचं अजून ठरलेलं नाही.